नाशिकच्या द्राक्षवाल्यांना 'युरोपची संस्कृती' कोण शिकवणार?

कादवाकाठ:
काल इथं एका निर्यात सल्लागारांनी लिहिलं, की आपला बागायतदार मार खातो कारण त्याला युरोपियन माणूस कळत नाही, त्यासाठी गावोगाव वर्ग घ्यावेत. वाचून डोकं फिरलं. २०१० साली आपले कंटेनर युरोपात अडकले ते सीसीसी या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशामुळे. इथल्या तपासणीच्या यादीत ते रसायनच नव्हतं. इथं पास झालेला माल तिथं नापास. यात माझ्या वडिलांना कुठली संस्कृती कळायची राहिली होती? बोजा मात्र आमच्या सातबाऱ्यावर चढला. नियम काय, भाव काय, पैसे कधी, एवढं सांगा.

पॅकहाऊस_पिंपळगाव:
दादा, २०१० चा घाव खरा, पण तेवढ्यावर सगळं उडवून लावू नका. आपल्याकडं पिवळसर, गोड मणी खपतो, तिकडं हिरवा लागतो. तरी कितीजण "साखर अजून भरू दे" म्हणत खुडा लांबवतात! ग्लोबलगॅप या निर्यातीच्या प्रमाणपत्राचा ऑडिटर मजुरांचा संडास, हात धुवायची सोय विचारतो, तर आपल्याला वाटतं खोडी काढतोय. तिकडच्या दुकानदाराला त्याचं गिऱ्हाईक हे विचारतं म्हणून तो आपल्याला विचारतो. एवढं कळलं तरी निम्मी भांडणं मिटतील.

कादवाकाठ:
संडास बांधला, ताई. किलोमागं रुपया तरी वाढला का? कन्साइनमेंटवर माल पाठवायचा, भाव ठरणार तिकडं रॉटरडॅम बंदराला पोचल्यावर, वर क्वालिटीचा क्लेम लावून पट्टीतले, म्हणजे आमच्या हिशोबातले पैसे कापणार. २०२४ च्या सुरुवातीला तांबडा समुद्र सोडून जहाजं आफ्रिकेला वळसा घालून गेली, प्रवास लांबला, तेव्हा आमची अडचण कोणी समजून घेतली?

सुरगाण्याचा:
तुम्ही दोघं रॉटरडॅमवर भांडताय. विरळणी, डिपिंग (घड औषधात बुडवणं), खुडा करायला माणसं पेठ-सुरगाण्याच्या आदिवासी पाड्यांवरून येतात, त्यांना कोण समजून घेतं? माझी आई गिरणाऱ्याच्या मजूर नाक्यावर पहाटे कामासाठी उभी राहायची. ती ज्या बागेत जायची तिथला संडास ऑडिटच्या दिवशी उघडायचा, एरवी कुलूप. होळी आमचा सगळ्यात मोठा सण. घरी जातो म्हटलं की "ऐन खुड्यात पळतात" म्हणून शिव्या.

कादवाकाठ:
भाऊ, सगळ्यांना एका मापात तोलू नका. उचल, म्हणजे आगाऊ पैसे घेऊन गेलेली टोळी आठ-आठ दिवस परतत नाही आणि जहाजाची तारीख ठरलेली असते. अवकाळीची एक सर आली की मणी तडकतात. वर्षाचं पीक पणाला लावून बघा, मग बोला.

सुरगाण्याचा:
आमची वर्षाची मजुरीही त्याच चार-पाच महिन्यांत असते. आणि होळी कधी ते पंचांगात छापलेलं आहे. नाताळचा भाव गाठायला बागलाणात भर पावसात छाटणी होते, डावणी रोगाची जोखीम घेऊन. परक्यांच्या सणासाठी बाग फिरवता येते, मग आमच्या सणासाठी चार दिवस का नाही?

पॅकहाऊस_पिंपळगाव:
हे बरोबर आहे. होळीच्या आठवड्यात आमच्याकडं दरवर्षी मालाची ओढाताण होते आणि दरवर्षी आम्ही ती अचानक आल्यासारखी धावपळ करतो.

कादवाकाठ:
नाताळचा मुद्दा मानला. यंदा छाटणीच्या तारखा लावतानाच मुकादमाशी बोलून घेईन. सल्लागारांचं म्हणणं मात्र मला अजूनही मान्य नाही. आधी तिकडच्या खरेदीदारांनी इथं येऊन एक हंगाम काढावा.

सुरगाण्याचा:
मुकादमाशी नको. त्याचं लक्ष उचलीवर असतं. टोळीतल्या बायांना विचारा.