पॅसेजचे दिवे आणि बाकी सगळं

ए-३०२ : सेक्रेटरी साहेब, आमचं बिल मागच्या वेळच्या दुप्पट आलंय. घरात माणसं तेवढीच, वस्तू त्याच. कॉमन मीटरची वायर परत आमच्याकडे जोडली गेलीय का, एवढंच विचारायचंय. पंपाच्या वेळी काय झालं होतं ते सगळ्यांना माहीत आहे.

ए-१०१ काका : म्हणून दोन महिने सांगतोय. पॅसेजचे दिवे रात्री ११ ला बंद करा.

सेक्रेटरी : वहिनी, पंपाचा विषय मिटलाय, तो परत नको 🙏 बिल किती दिवसांचं आहे बघा. मागचं २८ दिवसांचं होतं, हे ३४ चं आहे.

ए-३०२ : ६ दिवसांत दुप्पट?

बी-२०४ : हीटर लावता का?

ए-३०२ : छोटासाच आहे. तोही तेलाचा. त्याला वीज कमी लागते म्हणे.

बी-२०४ : मागच्या स्टिकरवर किती वॉट लिहिलंय?

ए-३०२ : २०००.

बी-२०४ : मग तेलाचा काय नि कॉइलचा काय, एक युनिट जाळलं की एका युनिटचीच ऊब. तेलाचा बंद केल्यावर थोडा वेळ गरम राहतो इतकंच. २००० वॉट ६ तास म्हणजे रोज १२ युनिट, महिन्याला ३६०. थर्मोस्टॅट मधेमधे तोडत असेल तर थोडे कमी धरा.

ए-३०२ : ६ तास कोण लावतंय? रात्री झोपताना अर्धा तास, बस.

ए-३०२ आजी : सूनबाई, तू ऑफिसला गेलीस की मी लावते. पहाटे पारा ३ वर असतो, दुपारीसुद्धा बोटं वळत नाहीत माझी.

बी-१०३ : 😂😂😂

ए-३०२ : आई, आपण घरी बोलू.

ए-१०१ काका : मुद्दा भरकटतोय. पॅसेजचे दिवे.

बी-२०४ : काका, २४ दिवे, ९ वॉटचे. ११ ते ६ बंद ठेवले तर सगळ्या बिल्डिंगचं मिळून दीड युनिट वाचतं.

ए-१०१ काका : थेंबे थेंबे तळे साचे.

सी-४०१ : तळ्याचं सोडा, वॉचमनच्या केबिनमध्ये हीटर रात्रभर चालू असतो. १००० वॉट, १० तास. हिशोब करणाऱ्यांनी याचाही करावा. कॉमन मीटर म्हणजे धर्मशाळा नाही.

बी-२०४ : केला. रोज १० युनिट, महिन्याला ३००, ४० घरांत वाटले तर घरटी साडेसात युनिट. तुमची स्कूटर जिन्याखालच्या प्लगला लागते ती कोणाच्या मीटरवर, तेही एकदा कळू दे.

सी-४०१ : एकदाच लावली होती. सेक्रेटरींना विचारून.

सेक्रेटरी : मला कोणी विचारलं नव्हतं.

सी-४०१ : पर्सनल होऊ नका सर. रविवारी मीटिंगमध्ये बोलू.

बी-१०३ : मीटिंग गच्चीवर ठेवा, दहा मिनिटांत सगळे ठराव पास होतील 😄

सी-२०२ ताई : हसताय काय? आत्ता दूध घ्यायला खाली गेले होते. केबिनचं दार बंद, खिडकी बंद, आत कोळशाची शेगडी. मामा म्हणाले, ‘कोणीतरी परवा हीटरवरून बोललं, म्हणून काढून ठेवला.’ कोण बोललं?

सेक्रेटरी : शेगडी बाहेर काढली का?

सी-२०२ ताई : मीच काढली. दार उघडं ठेवून बसवलंय त्यांना. डोकं जड झालंय म्हणत होते. बी-२०४ च्या डॉक्टर वहिनी बघायला गेल्यात.

बी-२०४ : बायको खालीच आहे, मामा आता ठीक आहेत. पण परत नको. कोळशातून निघणाऱ्या त्या वायूला, कार्बन मोनॉक्साइडला, वास नसतो, धूर दिसत नाही. झोपेतला माणूस उठतच नाही.

सी-४०१ : हा मेसेज डिलीट केला आहे

सेक्रेटरी : हीटर आत्ताच परत लावायला सांगतोय. खिडकीची फट उघडी ठेवायची. बिल सोसायटी भरेल. ज्यांना हरकत आहे त्यांनी मला फोन करावा, ग्रुपवर नको.

ए-३०२ : आमची हरकत नाही. आमच्या बिलाचं तेवढं बघा.

सेक्रेटरी : मीटरला खाली कोणाचीही वायर नाही, इलेक्ट्रिशियन सकाळी बघून गेला. पटत नसेल तर घरातला मेन स्विच बंद करून मीटरवरचा लाल दिवा लुकलुकतोय का बघा, लुकलुकत नसेल तर दुसऱ्या कोणाची वायर नाही. आणि आजींचा हीटर एक्सटेन्शनवर असेल तर काढा. २००० वॉट म्हणजे जवळपास ९ अँपियर, ६ च्या प्लगचं काम नाही, १६ चा लागतो.

ए-३०२ आजी : एक्सटेन्शनवरच आहे. गरम होतो तो. मला वाटलं थंडीत बरंच आहे.

सेक्रेटरी : 🙏🙏 आजी, तो आधी बंद करा.

दुसरं, बी विंगची मेन रोज ७ ला पडते कारण सगळे गीझर एकदम लागतात. मोठा एमसीबी (लोड जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) टाका असं ज्यांनी सुचवलं त्यांना सांगतो, टाकणार नाही. वायर तीच आहे. एमसीबी पडायचा थांबेल, वायर जळेल. पहिला-दुसरा मजला साडेसहा, वरचे सव्वासात.

बी-१०३ : साडेसहाला आमच्याकडे कोंबडासुद्धा उठत नाही.

बी-२०४ : १५ लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला अर्धा युनिट लागतं. चार बादल्यांना दोन. गीझर दिवसभर चालू ठेवलात तर टाकी निवत राहणार आणि तो परत परत लागणार. आंघोळीआधी लावा, झाली की बंद.

ए-१०१ काका : आणि पॅसेजचे दिवे.

सी-२०२ ताई : काका, परवा पहिल्या मजल्यावरचा मी ११ ला बंद केला, तर तुम्हीच दार उघडून ओरडलात की कुलूप दिसत नाही.

ए-१०१ काका : तो वेगळा विषय आहे.