सातवी-आठवीचा इतिहास-भूगोल मुलांच्याच लेखनातून शिकवायचाय, सातारा भागातले विषय आणि पद्धत सुचवा

बाई_कोरेगाव

नमस्कार मंडळी. कोरेगाव तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये मी सहावी ते आठवीला इतिहास-नागरिकशास्त्र आणि भूगोल शिकवते. मुलं स्वाध्याय पाठ करतात, चाचणीत मार्कही बरे पडतात. पण आठवीला प्रतिसरकार, म्हणजे बेचाळीसच्या चळवळीत क्रांतिकारकांनी इथं चालवलेलं समांतर सरकार, शिकवताना लक्षात आलं की धड्यातलं सातारा आणि आपण राहतो ते सातारा एकच आहे, हे बऱ्याच जणांच्या गावीही नाही. १९४३ साली क्रांतिकारकांनी शेणोलीला रेल्वेच्या पगाराची गाडी अडवली, तो मार्ग म्हणजे आपल्या कोरेगाव स्टेशनवरून जातो तोच पुणे-मिरज मार्ग, असं सांगितल्यावर वर्गात पहिल्यांदा हात वर झाले. एकानं विचारलं, "मग प्रतिसरकारचं कुंडल सांगलीत कसं?" कुंडल तेव्हा औंध संस्थानात होतं आणि भोवतालचा भाग सातारा जिल्ह्यात, १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली नाव मिळालं. हे सांगता सांगता तास संपला.

तेव्हापासून मनात आहे की यंदा वर्गाचं भित्तिपत्रक काढायचं. लिहायचं मुलांनी, विषय परिसरातले पण धड्याला जोडलेले. वाचणार सगळी शाळा, आणि पालकसभेला येणारे आईवडीलसुद्धा. वर्षाअखेर निवडक लेखांचं हस्तलिखित करायचं.

अडचण अशी की 'आमच्या गावाचा इतिहास' असा विषय दिला की मोबाईलवरून उतरवलेली पानं येतात. शिवाय निम्म्या वर्गाला सलग दहा ओळी लिहिणं जड जातं, आणि अभ्यासक्रम तर संपवायचाच आहे. कुणी असं काही केलं असेल तर नेमकं कसं केलं ते सांगा. सांगलीकरांनीही सांगा.

खटावचे_गुरुजी

मॅडम, मी हे करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

उतारा थांबवायचा उपाय एकच सापडला. प्रत्येक लेखाखाली 'मला हे कसं कळलं?' अशी चौकट ठेवायची. ती रिकामी असेल तर लेख भिंतीवर लागत नाही. 'आजोबांनी सांगितलं' चालेल, 'शिळेवर वाचलं' चालेल, 'नेटवर पाहिलं' हेसुद्धा चालेल, पण तिथं नेमकं काय लिहिलं होतं आणि ते पटतं का, हे लिहायचं. 'इतिहासाची साधने' हा धडा मग वेगळा शिकवावाच लागत नाही.

यासाठी सगळ्यात उत्तम जागा म्हणजे साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटेची विहीर. सहलीला सगळेच जातात, फोटो काढतात आणि परत येतात. तुम्ही मुलांना तिथला शिलालेख बघायला लावा. वीरूबाई भोसले यांनी विहीर बांधवली आणि काम शके १६४१ ते १६४६ या काळात झालं. नेटवर बऱ्याच ठिकाणी हेच आकडे 'इ. स.' म्हणून ठोकून दिलेले सापडतात. मुलांना विचारा, इ. स. १६४१ मध्ये शिवाजी महाराज किती वर्षांचे होते? अकरा. आणि वीरूबाई कुणाच्या घरातल्या? शाहू महाराजांच्या. शाहू महाराज म्हणजे शिवाजी महाराजांचे नातू, त्यांचा साताऱ्यात राज्याभिषेक झाला १७०८ साली. आता हे जुळतं का? कुणीतरी पोरगं म्हणतंच की जुळत नाही. मग शके म्हणजे काय ते सांगायचं, १६४१ मध्ये ७८ मिळवायला लावायचं. १७१९. सगळं जागच्या जागी बसतं. छापलेला आकडा आपण तपासू शकतो, हे सातवीतल्या मुलाला कळलं की पुढं तो धडा वाचतानाही प्रश्न विचारतो.

दुसरा विषय वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणार्थ उभारलेली कोरीव शिळा. आपल्याकडे बहुतेक गावांत मारुतीच्या किंवा महादेवाच्या देवळापाशी एखादा तरी असतो, शेंदूर फासलेला किंवा अर्धा मातीत गेलेला. खालच्या चौकटीत लढाई, मध्ये वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, वरती शिवपूजा आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. ज्यांना लिहिणं जड जातं त्यांना चित्र काढू द्या आणि प्रत्येक चौकटीपुढं एक ओळ लिहू द्या. हे लेखनच आहे, आणि त्यासाठी बारकाईनं बघावं लागतं ते वेगळंच. मात्र शिळा धुणं, खरवडणं, हलवणं अजिबात नाही. हे आधीच बजावून ठेवा.

पालक_सातारा

मी शिक्षक नाही, पण एक सुचवावंसं वाटतं. ७ नोव्हेंबर १९०० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी साताऱ्यात शाळेत प्रवेश घेतला, आजचं प्रतापसिंह हायस्कूल. त्या दिवशी राज्यात विद्यार्थी दिवस पाळतात. त्या प्रवेशाची नोंद शाळेच्या रजिस्टरमध्ये आहे म्हणूनच तारीख ठामपणे सांगता येते. तुमच्या शाळेचंही जुनं जनरल रजिस्टर असेल. मुख्याध्यापकांच्या परवानगीनं तुम्ही स्वतः त्यातून फक्त आकडे काढून द्या. कुठल्या साली किती मुली दाखल झाल्या, कुठल्या गावांतून मुलं येत होती. नावं आणि जातीचा रकाना मुलांपुढं आणू नका. त्यावरून आलेखही होईल आणि लेखही. सावित्रीबाईंचं नायगाव आपल्याच जिल्ह्यात, खंडाळा तालुक्यात आहे. त्या धड्याशेजारी हा आलेख लावला तर मुली थांबून वाचतील.

बाई_कोरेगाव

गुरुजी, चौकटीची कल्पना उद्यापासूनच सुरू करते. रजिस्टरचं तर कधी डोक्यातच आलं नव्हतं.

एक शंका. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहायला सांगितलं तर काय काय निघेल याची थोडी धास्ती वाटते. आमच्या वर्गात धरणग्रस्तांच्या घरची मुलं आहेत, वेगवेगळ्या वस्त्यांतली आहेत. पाणवठा, जमीन, भावकीचे वाद, काहीही येऊ शकतं. ते भिंतीवर लावायचं का?

कराडची_कृष्णाकाठ

बाई, तुमची धास्ती बरोबर आहे, पण त्यासाठी आजी-आजोबांना वगळू नका. जपून करायचं एवढंच.

सुरुवात सगळ्यांनी मिळून सोसलेल्या गोष्टीपासून करा. आपल्याकडे ती म्हणजे कोयनेचा भूकंप, ११ डिसेंबर १९६७ ची पहाट. तेव्हा दहा वर्षांचे असलेले लोक आज घराघरात आजी-आजोबा आहेत. 'भूकंपाची माहिती सांगा' असं विचारलं तर दोन वाक्यांत उत्तर संपतं. त्याऐवजी मुलांनी विचारावं, तुम्ही कुठं झोपला होता, आधी काय कळलं, आवाज की हलणं, कोण कुणाला घेऊन बाहेर पळालं, पुढचे दिवस झोपायचं कुठं, शाळा कधी भरली. वेगवेगळ्या घरच्या तिघांनी हेच प्रश्न विचारून यावं आणि तिन्ही उत्तरं शेजारी शेजारी लावावीत. कुठं जुळतं, कुठं वेगळं पडतं, ते वर्गानं शोधायचं. आठवण खोटी नसते, पण प्रत्येकाची जागा वेगळी असते, हे मुलांना आपोआप दिसतं. भूगोलात जलाशयाच्या भारामुळं होणाऱ्या भूकंपांची चर्चा याच जागेवरून जगभर झाली, हेही तिथंच सांगता येतं.

आजीचं बोलणं तिच्याच बोलीत उतरवू द्या. 'म्होरं', 'लई', 'आवो' तसंच राहू दे, तांबड्या शाईनं प्रमाणभाषा करू नका. तारीख, आकडा, ठिकाणाचं नाव चुकलं तर मात्र जरूर दाखवा.

आता अवघड विषय. मी तीन गोष्टी कधी सोडत नाही. सांगणाऱ्या माणसाला लेख वाचून दाखवल्याशिवाय तो लागत नाही. त्यांनी 'हे नको' म्हटलं की ते निघतं, का म्हणून विचारायचं नाही. आणि चालू असलेला वाद, मग तो बांधाचा असो, कोर्टातला की निवडणुकीतला, तो विषयच घ्यायचा नाही.

पण पाणवठ्याचं म्हणाल तर तो विषय टाळू नका. कुणाच्या तरी आजीनं विहिरीपासून लांब उभं राहून पाण्याची वाट पाहिलेली असते. तिला सांगायचं असेल तर ते ऐकलं गेलं पाहिजे, आणि आजच्या मुलांना अस्पृश्यता बंद करणारं संविधानाचं कलम १७ त्याशिवाय समजणारच नाही. फक्त ते त्या मुलाला वर्गासमोर उभं करून वदवून घ्यायचं नाही. नाव न घालता, सगळ्या वर्गाचा लेख म्हणून, कलमाच्या शेजारी लावायचं. आधी कसं होतं, कायद्यानं काय बदललं, अजून काय बाकी आहे. धरणग्रस्तांचंही तसंच. धरणाची वीज सगळ्या राज्याला मिळाली, ज्यांची गावं पाण्याखाली गेली ते लोक कुठं गेले, हा प्रश्न भूगोलाचाही आहे आणि नागरिकशास्त्राचाही. त्या घरच्या मुलाला हे लिहावंसं वाटलं तर त्याला भिंतीवरची सगळ्यात चांगली जागा द्या.

माणदेशी_भूगोल

मी माण तालुक्यातला, दहिवडीकडचा. भूगोलासाठी एकच सुचवतो, पाऊस मोजा.

प्लास्टिकची सरळ उभ्या बाजूची बाटली घ्या. वरचा निमुळता भाग कापून उलटा करून त्याच बाटलीत बसवा, तेच नसराळं होतं. तळ सपाट नसतो म्हणून खाली बारीक खडे घालून खुणेपर्यंत पाणी भरा, ती खूण म्हणजे शून्य. तिथून वर मिलिमीटरची पट्टी चिकटवा. झाडापासून आणि पत्र्यापासून लांब, उघड्यावर ठेवा. रोज ठरलेल्या वेळी एका जोडीनं वाचून भित्तिपत्रकावर मांडायचं, आणि मग पाणी पुन्हा खुणेवर आणायचं.

एका शाळेच्या नोंदीत मजा नाही. महाबळेश्वर-जावळीकडची एक शाळा, तुमची कोरेगावची आणि आमची माणची, अशा तीन शाळांनी दर आठवड्याला आकडे एकमेकांना कळवायचे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि आमच्याकडं पाचशेच्या आसपास. एकाच जिल्ह्यात, एकाच पावसाळ्यात! 'पर्जन्यछायेचा प्रदेश' ही व्याख्या आमची मुलं पाठ म्हणतात, पण तिकडच्या मुलीनं एका दिवसाचा आकडा कळवला आणि तो आमच्या अख्ख्या महिन्यापेक्षा मोठा निघाला, की मग सह्याद्री काय करतो ते उमगतं. पुढं टँकर, चारा छावणी, पाणी अडवण्याची कामं हे सगळं त्यातूनच निघतं. तुमच्याच तालुक्यातल्या वेळूनं २०१६ ची वॉटर कप ही जलसंधारणाची गावोगावची स्पर्धा जिंकली होती, तिथले लोक मुलांशी बोलतील.

सांगलीवाडी

वेळेबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. पंधरवड्याला अंक काढू नका, शिक्षकच दमतो. महिन्याला एक, तिघा-तिघांचे गट, आणि एका अंकात दोनच गटांचं लेखन. बाकीच्यांनी ते वाचून चिठ्ठीवर एक प्रश्न लिहून खाली चिकटवायचा. 'छान लिहिलंय' अशी चिठ्ठी घ्यायची नाही, प्रश्नच हवा. पुढच्या अंकात त्या गटानं उत्तर द्यायचं. खरं शिक्षण या प्रश्नोत्तरांतच होतं असा माझा अनुभव आहे.

आणखी एक, फार जवळचा विषय. कारखाने सुरू झाले की ऊसतोड मजुरांची मुलं काही महिने आपल्या वर्गात येतात आणि बहुतेक वेळा मागच्या बाकावर गप्प बसून परत जातात. त्यांच्याकडून त्यांच्या गावापासून इथपर्यंतचा नकाशा काढून घ्या. कुठून निघाले, कुठली नदी ओलांडली, तिकडं शेतात काय पिकतं, इकडं यायला का लागलं. 'स्थलांतर' या धड्यासाठी यापेक्षा चांगला लेखक वर्गात दुसरा नसतो. आमच्याकडं असा एक नकाशा लागला तेव्हा बाकीची मुलं मधल्या सुट्टीत त्या मुलाला घेरून उभी होती.

खटावचे_गुरुजी

नागरिकशास्त्र राहून गेलं. सहावीच्या 'ग्रामीण स्थानिक शासन'साठी औंधला जा. १९३९ मध्ये औंधच्या राजांनी, भवानराव पंतप्रतिनिधींनी, गांधीजींच्या सल्ल्यानं राज्यकारभार लोकांच्या हाती देणारी घटना लागू केली आणि तिचा पाया गावपंचायत हा ठेवला. मुलं तिथलं संग्रहालय बघतील, पण नंतर आपल्या ग्रामपंचायतीत जाऊन ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) विचारू द्या की घरपट्टी किती गोळा होते, दिवाबत्तीवर किती जाते, मागच्या ग्रामसभेला किती लोक होते. दोन्ही लेख शेजारी शेजारी लावा. संदर्भासाठी मराठी विश्वकोश, जुनं सातारा गॅझेटियर आणि २०११ च्या जनगणनेची गाववार पुस्तिका, तिन्ही नेटवर फुकट आहेत. वर्गात मुलांना वापरायला एवढं पुरे.

बाई_कोरेगाव

सगळ्यांचे मनापासून आभार. आता असं ठरवते. अंक महिन्याला एक. पहिल्या अंकात भूकंपाच्या तीन आठवणी आणि शाळेच्या रजिस्टरचा आलेख, दुसऱ्यात लिंबची विहीर. कलम १७ चा लेख दिवाळीनंतर, मुलं एकमेकांचं ऐकायला शिकल्यावर. पर्जन्यमापक सातवीकडे देते.

माणदेशी सर, तुम्हाला व्यक्तिगत निरोप टाकलाय. वाचनाची वेळ सकाळी साडेदहाची, प्रार्थनेआधी, चालेल का? आणि महाबळेश्वर किंवा मेढ्याकडचं कुणी शिक्षक हा धागा वाचत असेल तर कृपया लिहा, तिसरी शाळा अजून मिळायची आहे.