अनुभव धागा : मृगाच्या आत घर भरायचं, आणि ते वर्षभर पुरवायचं

देवगड तालुक्यातून, धागा सुरू करताना

आमच्याकडे मोठा पैसा वर्षातून एकदाच येतो. मार्च ते मे आंबा आणि काजू बी. त्यानंतर पुढच्या मार्चपर्यंत आधार काय तो माझ्या शिलाईचा, तोही गणपतीआधी भरभरून आणि जून-जुलैत जवळजवळ नाहीच. गेल्या वर्षी फवारणी, खत, पेट्या, गाडीभाडं वजा जाऊन 84,000 हातात राहिले. शिलाईचे 46,000. एकूण 1,30,000, आणि घरात पाच माणसं: आम्ही दोघं, सासूबाई, दोन मुलं.

शहरातली मैत्रीण विचारते, महिन्याला किती खर्च करता? मला उत्तर देता येत नाही. आमच्या वर्षाला दोन बांध आहेत, एक मृग आणि दुसरा गणपती. 7 जूनच्या आत घर शाकारून व्हायला हवं, लाकडं पडवीत यायला हवीत, तांदूळ, डाळ, मसाला, मीठ, तेल, सुकी मासळी भरून झाली पाहिजे. मे महिन्यात पैसे दिसतात तेव्हाच ते जातात, आणि ते तेव्हाच गेलेले बरे असतात. हातात ठेवलेला पैसा आमच्याकडे ऑगस्टपर्यंत कधी टिकला नाही. कुणाचं लग्न निघतं, कुणी उसने मागतं, काही ना काही होतंच.

सासूबाई मालवणीत म्हणतात, "पावसात कोणाच्या दारात जावची पाळी येवक नये." त्या पंधरा वर्षांच्या असताना लग्न होऊन आल्या, तेव्हा आषाढात या घरात पेज आणि मीठ एवढंच होतं. त्यामुळे त्यांची बेगमीची यादी मी कधी कापत नाही. आमसुलं आम्ही घरचीच करतो. रातांब्याची, म्हणजे कोकमाच्या फळाची, सालं वेगळी काढायची, गराच्या रसात मीठ घालून त्यात बुडवायची, उन्हात घालायची, पुन्हा बुडवायची. पाच-सहा दिवस हेच. वर्षाची ठेवून उरलेली विकतो, त्यातून मुलांच्या वह्या येतात. फणसाच्या आठळ्या मातीत घोळवून कोपऱ्यात ठेवतो, श्रावणात भाजीला त्याच. आंघोळीचं पाणी मागच्या दारच्या चुलीवर, करवंट्या आणि चुडतांवर, म्हणजे माडाच्या सुक्या झावळ्यांवर. गॅस फक्त स्वयंपाकाला, वर्षाला सहा सिलिंडर.

एक चूक सांगते. चार वर्षांपूर्वी आजारपणासाठी काहीच बाजूला नव्हतं. यजमानांना मुतखड्याचा त्रास झाला, गोव्यात बांबोळीच्या सरकारी दवाखान्यात न्यावं लागलं. दवाखान्यापेक्षा गाडीभाडं आणि सोबतच्या माणसाचं राहणं-जेवण जास्त झालं. कानातलं गहाण पडलं, सोडवायला दोन आंबे-हंगाम लागले. तेव्हापासून मे महिन्यात पहिले 12,000 पोस्टात टाकते आणि मगच वाण्याकडे जाते.

तुम्ही लिहा. आकडे दिलेत तर फार बरं. फसलेलंही लिहा.

अलिबाग तालुक्यातल्या कोळीवाड्यातून

ताई, तुम्ही बेगमी म्हणता, आम्ही आगोट म्हणतो. आमच्याकडे तर सरकारनेच बांध घातलाय. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. नवरा दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी, पगार नाही, वाटा मिळतो. बोट किनाऱ्याला ओढली की वाटा बंद. म्हणजे दहा महिन्यांच्या कमाईत बारा महिने, आणि त्या दहातही वादळवाऱ्याचे दिवस वेगळे.

मी जानेवारीपासून सुकवायला लागते. बोंबील वलांडीवर, म्हणजे वाळत घालायच्या बांबूंवर, जवळा आणि करदी ही बारकी कोळंबी अंगणात, सोडे, म्हणजे सोललेली सुकी कोळंबी, ज्या वर्षी परवडतील त्या वर्षी. चांगला माल विकायचा, तुटका घरात. हे माझ्या आईचं शिकवणं, पण मी थोडं बदललं. चांगल्यातलेही दोन किलो सोडे मी ठेवते, कारण जुलैत त्याला दाम चढतो. घरातला शेवटचा पैसा संपतो तेव्हा ते विकते. बँकेत ठेवल्यासारखंच ते.

2020 साली 3 जूनला निसर्ग वादळ आलं. बंदी लागून दोनच दिवस झाले होते, म्हणजे वर्षातली सगळ्यात भरलेली वेळ. पत्रे उडाले, पाऊस सरळ घरात. सुकी मासळी भिजली की तिचं काहीच होत नाही, वास सुटतो, अळ्या पडतात. तांदूळही गेला. मी त्या दिवशी पत्र्यांसाठी रडले नाही, सहा महिन्यांच्या उन्हासाठी रडले. आता सगळं झाकणाला आटे असलेल्या प्लास्टिकच्या पिंपात ठेवते आणि अर्धी आगोट बहिणीकडे, तिचं घर स्लॅबचं आहे. तिची पापड-मिरची माझ्याकडे, कारण माझ्या अंगणात ऊन जास्त.

चिपळूण

मला थोडं वेगळं म्हणायचं आहे. 22 जुलै 2021 च्या पुरात आमच्या तळमजल्यावरचं वर्षाचं सगळं सामान वाशिष्ठीच्या गाळात गेलं. त्यानंतर आम्ही बेगमी सोडली. मी खासगी शाळेत शिकवतो, पगार थोडा पण दर महिन्याला येतो. महिन्याचं सामान महिन्याला. दोन वर्षं दोन्ही प्रकारचा हिशेब ताडून पाहिला. मसाला, आमसुलं आणि कडधान्यं सोडली तर घाऊक भरण्याने माझे वर्षाला तीन-साडेतीन हजारच वाचत होते. ज्यांना महिन्याला पगार आहे आणि घर नदीकाठी आहे, त्यांनी हे जरूर मोजून पाहावं. ज्यांना पैसा एकदाच मिळतो त्यांना हे लागू नाही, ते मला पटतं.

मसाला मात्र आजही एप्रिलमध्येच कांडतो. बरणी आता माळ्यावर.

लांजा

भातशेतीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. सगळे म्हणतात घरचा तांदूळ फुकट. मी गेल्या हंगामात प्रत्येक रुपया लिहिला. 20 गुंठ्यांत पॉवर टिलरचे 2,500, लावणीच्या बायकांची मजुरी 4,800, बियाणं-खत 2,000, कापणी-झोडणी 4,000, गिरणी 1,000. एकूण 14,300. भात 6 क्विंटल, तांदूळ सुमारे 4 क्विंटल. म्हणजे किलोला 36 रुपये पडला, आणि यात माझे स्वतःचे आणि बायकोचे दिवस धरलेलेच नाहीत. ते धरले तर बाजारातला तांदूळ स्वस्त. शिवाय आमचं रेशनचं प्राधान्य कुटुंबाचं कार्ड आहे, माणशी 5 किलो धान्य 2023 पासून मोफत मिळतं.

तरी मी शेत पडीक टाकणार नाही, आणि हे केवळ मायेपोटी नाही. पेंढा नसेल तर गाय ठेवता येत नाही. गाय नसेल तर दूध विकत, शेणखत विकत, कलमांना खत विकत. एक धागा काढला की पुढचे सगळे सुटतात. खर्च कमी केला तो मजुरीत: या वर्षी तीन घरांनी मिळून पाळीपाळीने लावणी केली. आमच्या आजोबांच्या वेळेला असंच चालायचं, मध्ये प्रत्येकाकडे मुंबईचा पैसा आला आणि ते मोडलं. मजुरीचे 4,800 वाचले, फक्त जेवणाचा खर्च आला. सगळ्यांची शेतं एकाच आठवड्यात तयार होत नाहीत, हे कबूल. माझं शेवटी राहिलं आणि रोपांचं वय जरा जास्त झालं. पीक कमी आलं तर पुढच्या वर्षी सांगेन.

सावंतवाडी

रिक्षा चालवतो. माझा अनुभव उलटा आहे, मी बुडालो होतो. गणपतीत फ्रिज आणि मोबाइल दोन्ही हप्त्यावर घेतले, एका फायनान्स कंपनीकडून. हप्ता महिन्याला 3,900. गणपती ते मे ठीक चाललं. पावसात पर्यटक नाहीत, शाळेची भाडी सोडली तर रिक्षा उभी. जुलैत दोन हप्ते चुकले, दंड लागला, माणसं घरी आली. आईसमोर आली, ते मी विसरू शकत नाही.

त्यातून एकच नियम केला. पावसाळ्याच्या चार महिन्यांत जे भरता येणार नाही ते घ्यायचंच नाही. जूनची कमाई डोक्यात धरायची, मे महिन्याची नाही. बायको कुडाळला दुकानात जाते. एसटीत बायकांना 2023 च्या मार्चपासून अर्धं तिकीट झालं, त्यातून महिन्याला हजाराच्या आसपास वाचतात. ते तिने बचत गटात वळवले. या वर्षी गणपतीला माटवीचं, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या चौकटीचं, सामान आम्ही रानातून आणलं, कांगणं, हरणं, कवंडळं अशी रानफुलं-फळं सगळी. नारळ घरचे. मखर तीन वर्षं तेच वापरतोय. आरतीला गर्दी तेवढीच होती.

डोंबिवली, मूळ गाव राजापूर

गावी आईवडील, मी महिन्याला 5,000 पाठवतो. पण खरा खर्च आमच्या येण्याजाण्याचा आणि गणपतीचा, हे मला उशिरा कळलं. रेल्वेचं आरक्षण पूर्वी 120 दिवस आधी उघडायचं, नोव्हेंबर 2024 पासून ते 60 दिवस आधी उघडतं. एका वर्षी ती तारीख चुकली आणि चौघांचे खासगी बसला इतके पैसे गेले की आईवडिलांचे दोन महिने त्यात निघाले असते. आता तारीख भिंतीवर लिहिलेली असते.

दुसरं, आम्ही जाताना भेटवस्तू न्यायचो. वडिलांनी एकदा शांतपणे सांगितलं, पिशवी नको, कौलं परतायचे पैसे मे महिन्यात दे. वाईट वाटलं, इतकी वर्षं मला ते सुचलं नव्हतं. आता मे महिन्यात 8,000 एकदम पाठवतो आणि महिन्याचे थोडे कमी करतो.

दापोली

वाचतेय, सगळ्यांना धन्यवाद. माझं एवढंच: दर वर्षी कुळीथ भरते आणि नागपंचमीपर्यंत त्याला भुंगा लागतो. कडुलिंबाचा पाला घालून झाला. पाच किलोतले दोन किलो फुकट जातात. काय करू?

देवगड

सासूबाईंना विचारून लिहिते. कुळीथ कडक उन्हात तीन दिवस वाळवा, दाताखाली टचकन फुटला पाहिजे. मग पूर्ण गार होऊ द्या. गरम भरलात तर डब्यात घाम धरतो आणि तिथेच बिघडतं. चुलीची राख चाळून घ्या, लाकडाचीच हवी, आणि दाण्यांना हाताने चोळून लावा. डबा काठोकाठ भरा, वर राखेचा थर द्या, झाकण घट्ट लावा. लागेल तेवढाच छोट्या डब्यात काढा, पावसात मोठा डबा उघडू नका.

आणि ज्यांच्याकडे चूल उरली नाही त्यांनी निम्म्या कुळथाची मे महिन्यातच भाजून पिठी करून ठेवावी, असं त्या म्हणतात. राख हवी असेल तर सांगा, आमच्याकडे भरपूर आहे. पोरगा शनिवारी दापोलीला येतोय.