मारुती ८००: स्टिअरिंग लॉकचे बिनडोक्याचे बोल्ट कसे काढायचे?

डिचोलीकर८००
नमस्कार मंडळी. काकांची १९८८ची मारुती ८०० आता माझ्याकडे आली आहे. इंजिन खणखणीत आहे, पण इग्निशनचं कुलूप पार झिजलंय. चावी कधी फिरते, कधी अडते. नवा लॉक सेट आणून ठेवलाय. खालचं प्लॅस्टिक कव्हर उघडलं, तर लॉक ज्या बोल्टांनी कॉलमला (स्टिअरिंगच्या दांड्याभोवतीच्या नळीला) धरलंय त्यांना डोकंच नाही! नुसते गुळगुळीत गोल घुमट, वर गंज. पाना बसत नाही, व्हाइसग्रिप (घट्ट पकडणारी पक्कड) घसरते. एका गॅरेजमध्ये गॅस कटर लावू म्हणाले, ते मनाला पटलं नाही. चवथीला याच गाडीने पेडण्याला मूळ घरी जायचंय. घरी जमेल का? नाहीतर या बाजूला कोणाकडे न्यावी?

जुनी_जिप्सी
कटर लावू दिलं नाहीत, फार बरं केलंत. ते बोल्ट मुद्दामच तसे असतात. कंपनीत घट्ट आवळताना षटकोनी डोकं तुटून पडतं, म्हणजे चोराला पाना लावायला जागाच उरत नाही. सुझुकीची पद्धत साधी आहे: सेंटर पंच (खूण पाडायचा टोकदार पोलादी खिळा) आणि हातोडी. पंचाचं टोक घुमटाच्या मध्यावर नको, कडेला टेकवा. आधी सरळ ठोकून खळगा पाडा, मग पंच तिरका करून घड्याळाच्या उलट दिशेने ठोका. बोल्ट हलला की ठोक्याचा आवाज बदलतो, हातालाही कळतं. पुढे बहुतेक वेळा बोटांनीच निघतो.

एक मात्र कराच. कॉलम गाडीतून काढून बाकावर घ्या. डॅशबोर्डखाली उताणं पडून हातोडी नीट बसत नाही आणि कॉलमला उगाच मार लागतो. शाफ्ट (कॉलमच्या आतला फिरणारा दांडा) सोडण्याआधी चाकं सरळ करा, जोडावर खूण करा.

लेथवर_असतो
वरचं बरोबर आहे, पण आपल्याकडची खारी हवा आणि पावसाळा धरला तर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मुरू द्या. पंचाने नाहीच हलला तर छोट्या ग्राइंडरने घुमटावर खाच पाडून जाड पेचकस लावा. त्यानेही नाही तर बोल्टावर नट ठेवून नटाच्या भोकातून वेल्डिंग. त्या उष्णतेनेच गंजलेले आटे सुटतात. ड्रिल आणि इझी-आऊट (ड्रिलने पाडलेल्या भोकात उलटं फिरवून बोल्ट काढायचं हत्यार) अगदी शेवटी. इझी-आऊट कडक पोलादाचं असतं, ते आत तुटलं तर साधं ड्रिल त्याच्यावर चालत नाही.

मेकॅनिकच्या मागे लागू नका. कॉलम काढून हातात घ्या आणि डिचोली किंवा थिवीच्या औद्योगिक वसाहतीत लेथ-वेल्डिंगवाल्याकडे जा. अडकलेले बोल्ट काढणं हे त्यांचं रोजचं काम.

फोंड्याहून
गाडीत बसवलेल्या कॉलमवर कोणालाही वेल्डिंग करू देऊ नका, कितीही घाई असली तरी! इग्निशनच्या वायरी तिथेच बाजूला असतात. काम सुरू करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. लॉकची बॉडी ओतीव, ठिसूळ असते. जुनी फुटली तर फुटू दे, पण कॉलमच्या नळीला पोचा पडला तर नवाच खर्च.

डिचोलीकर८००
सगळ्यांचे मनापासून आभार. कॉलम काढतोच. नवीन लॉकला साधे बोल्ट लावले तर चालेल का? पुढच्या वेळी त्रास नको.

जुनी_जिप्सी
नको. साधा बोल्ट पान्याने कोणीही खोलेल, मग त्या लॉकचा उपयोग काय? डोकं तुटणारेच नवे बोल्ट घ्या. जुनं लॉक काढताना चावी ऑनवर ठेवा, म्हणजे लॉकची जीभ शाफ्टच्या खाचेतून मागे राहते. नवं बसवलं की बोल्ट आधी हातानेच लावा. चावी काढून स्टिअरिंग फिरवा, लॉक होतंय का बघा. चावी घालून सुटतंय का तेही बघा. दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून कुठे घासत नाही याची खात्री झाली की मगच डोकी तुटेपर्यंत आवळा.