एमएस: एमआरआय स्थिर आहे, मग एवढा थकवा कशाचा?

गणिताची_ताई (वर्धा)
वय ३८, पाचवी ते सातवीला गणित शिकवते. २०१९ मध्ये डाव्या डोळ्यानं अंधुक दिसायला लागलं, तेव्हा एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू-मज्जारज्जूतल्या नसांचं आवरण खराब करणारा आजार) निघालं. यंदाचा एमआरआय मागच्यासारखाच, नवीन डाग एकही नाही. घरी सगळ्यांना हायसं वाटलं. पण दुसरा तास संपेस्तोवर माझ्यात काही उरतच नाही. परवा अपूर्णांकांची बेरीज फळ्यावर मांडली आणि पुढची पायरीच सुचेना. हातात खडू तसाच, आणि चाळीस पोरं माझ्याकडे बघत होती. रात्री आठ तास अंथरुणात असते, तरी हे असं. सासूबाई म्हणतात, "पोळ्या मी करते, पण अशी सारखी पडून नको राहूस." मायेनंच म्हणतात, पण मला रडू येतं. डाग वाढले नाहीत, तर हे येतं कुठून? माझ्याच मनाचं आहे का?

सांगलीकर
ताई, मनाचं नाही. माझ्या एमएसला १४ वर्षं झाली आणि पहिली चार वर्षं मी स्वतःला आळशी समजत होतो. ती वर्षं वाया गेली याचं आजही वाईट वाटतं, म्हणून सविस्तर लिहितो.

डाग किती आणि थकवा किती, यांचा मेळ फारसा बसत नाही. कपाळामागचा मेंदू, आत खोलवरचे बेसल गँग्लिया, थॅलॅमस आणि तिथून परत कपाळामागे, अशी एक साखळी असते. काम हाती घ्यायचं, त्याला किती कष्ट पडतील आणि त्यातून काय मिळेल हे तोलायचं, ते नेटानं चालू ठेवायचं, हे सगळं तिच्याकडे. थकव्यावरच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा हीच साखळी बिघडलेली दिसते. थॅलॅमस तर एमएसमध्ये लवकरच आकसू लागतो, पण रिपोर्टात त्याचा उल्लेख सहसा नसतो.

२००८ मध्ये न्यू जर्सीच्या जॉन डिलुका यांच्या गटानं एमएसच्या आणि निरोगी लोकांना फंक्शनल एमआरआयमध्ये (मेंदूचा कुठला भाग किती काम करतोय ते दाखवणारा) एकच काम लागोपाठ चार वेळा दिलं. एमएसवाल्यांचा वेग कमी पडला, पण उत्तरं तितकीच बरोबर आली. मात्र निरोगी मेंदूची धावपळ फेरीगणिक कमी होत गेली आणि एमएसवाल्यांची वाढत गेली, तीही याच भागांत.

आमच्या विहिरीवरची मोटर कमी दाबाच्या विजेवर चालते तेव्हा पाणी येतं, पण ती जास्त करंट ओढते आणि तापते. पाटात पाणी बघणाऱ्याला मोटर तापलेली कळत नाही. तुमची गणितं बरोबर येतात, म्हणून लोकांना तुम्ही ठणठणीत वाटता.

कोथरूड_फिजिओ
वरचं पटलं. पण सगळा थकवा एमएसच्या नावावर टाकू नका. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी१२ तपासून घ्या. बॅक्लोफेनसारखी स्नायूंचा ताठरपणा कमी करणारी गोळी चालू असेल तर तिनंही सुस्ती येते. आणि उदास वाटत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, त्यावर उपचार आहेत. रात्री लघवीला किती वेळा उठता?

ऊन हा वेगळा मुद्दा. मायलिन, म्हणजे नसेवरचं आवरण, गेलेल्या नसेतून संदेश आधीच कसाबसा जातो, अंग जरा तापलं की तोही अडतो. उहथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञांनी १८९० मध्येच श्रमानंतर नजर अंधुक होते हे नोंदवलंय. वर्ध्याच्या मे महिन्यात मानेवर ओला पंचा ठेवा आणि अवघड काम सकाळीच उरका.

पेशंटची_बहीण
माझ्या बहिणीला थकव्यासाठी अमांटाडिन हे औषध दिलं होतं. ताईंनी विचारून बघावं का?

सांगलीकर
मीही घेतलं होतं. २०२१ मध्ये अमेरिकेत १४१ रुग्णांवर अमांटाडिन, मोडाफिनिल आणि मिथिलफेनिडेट आळीपाळीनं देऊन पाहिलं. नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा एकही सरस ठरलं नाही. एखाद्याला गुण येतही असेल, पण माझा भरवसा बेतानं केलेल्या व्यायामावर. रोज वीस मिनिटं, दमायच्या आत थांबायचं.

गणिताची_ताई (वर्धा)
सासूबाईंना मोटरचं वाचून दाखवलं. त्यांच्या माहेरी ओलिताची शेती. म्हणाल्या, "मंग दुपारी मोटर बंद ठेवत जा."

फिजिओ, रात्री तीनदा उठते. आठ तासांत ते मी धरलंच नव्हतं आणि डॉक्टरांना कधी सांगितलंही नाही. सोमवारी जातेय, बी१२चंही विचारते. गणिताचा तास पहिला मागून घेतलाय.