२५ पाउंडर तोफ: सँडब्लास्ट करून नवी करावी, की आहे तशी राखावी?

पोर्ट्समथकर

दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिश २५ पाउंडर तोफ (म्हणजे साधारण २५ पौंडांचा गोळा फेकणारी) इंग्लंडात आजही खाजगी संग्राहकांकडे आहे. उन्हाळ्यात जुन्या लष्करी गाड्यांचे मेळावे भरतात. पुढे तोफ ओढणारा मॉरिस क्वाड ट्रक, मागे लिंबर म्हणजे दारूगोळ्याची दुचाकी गाडी आणि त्याला जोडलेली तोफ मैदानात शिरली की लोक टाळ्या वाजवतात. तिचा तो चकचकीत हिरवा रंग पाहून मला मात्र वाईट वाटतं.

तोफ ताब्यात आली की बहुतेक जण आधी सँडब्लास्टिंग, म्हणजे वाळूच्या जोरदार फवाऱ्याने रंग-गंज खरवडणं, उरकतात. पत्रा उघडा पाडायचा, प्रायमर मारायचा, वर डीप ब्राँझ ग्रीन. मी एका हौशी गटाबरोबर काम करतो. आम्ही तोफेच्या पुढच्या पोलादी ढालीवरची तळहाताएवढी जागा स्काल्पेलने एकेक थर उचलत साफ केली. सगळ्यात वर युद्धानंतरचा गडद हिरवा, मग १९४४ नंतरचा ऑलिव्ह ड्रॅब, मग १९४२ च्या सुमाराचा तपकिरी आणि तळाशी सुरुवातीचा खाकी हिरवा. तपकिरी थरावर एक चौकोन निघाला. वरचा अर्धा लाल, खालचा निळा, मध्ये पांढरा आकडा, तोही अर्धवट. ही रॉयल आर्टिलरीची, म्हणजे ब्रिटिश तोफखान्याची खूण. आकडा पूर्ण वाचता आला आणि जवळपास डिव्हिजनचं चिन्ह सापडलं, तर ही तोफ कुठल्या रेजिमेंटकडे होती याचा माग काढता येतो. सँडब्लास्टिंगमध्ये हे सगळं मिनिटभरात गेलं असतं. शिवाय जुन्या रंगात शिसं असतं, ती धूळ काम करणाऱ्याच्या छातीत जाते.

माझं म्हणणं एवढंच: गंज थांबवा, तेल द्या, मेणाचा हात फिरवा, पण मूळ रंगाला लावू नका हात. एखादा भाग बदलावाच लागला तर नव्या भागावर साल ठोका, म्हणजे पुढच्या माणसाची फसगत होणार नाही.

तोफची_नाशिकरोड

मी देवळालीला याच तोफेवर शिकलो, म्हणून लिहितो. तुमचे चार थर आले कुठून? दर वेळी कुणा ना कुणा जवानाने ब्रश मारला म्हणूनच ना? फौजेत तोफ रंगवणं हे नेहमीचं काम होतं. चाललेली तोफ रंगते, पडून राहिलेली गंजते.

आणि ही तोफ पाहायची तर हलताना पाहायची. खाली लोखंडी चाकासारखा प्लॅटफॉर्म असतो. तोफ त्यावर चढवली की एक गडी ट्रेल (तोफेचा मागचा दांडा) धरून ती चहूकडे फिरवतो. गोळा वेगळा, काडतूस वेगळं. आधी गोळा रॅमरने (ठासणीच्या दांड्याने) ठोकून बसवायचा, मग पितळी केस. केसात दारूच्या लाल, पांढरी, निळी अशा तीन थैल्या. पल्ला कमी हवा तर निळी काढा, आणखी कमी हवा तर पांढरीही काढा. सुपर चार्ज या वेगळ्या, जास्त दारूच्या काडतुसावर पल्ला १२ किलोमीटरच्या वर जायचा. दोरी बांधून उभ्या केलेल्या तोफेपुढे यातलं काय कळणार?

प्रजासत्ताक दिनाची २१ तोफांची सलामी २०२२ पर्यंत याच तोफा देत होत्या. २०२३ ला त्यांची जागा १०५ मिलिमीटरच्या इंडियन फील्ड गनने घेतली. इतकी वर्षं त्या चालल्या, कारण त्यांच्यावर रोज हात फिरत होता.

कोरेगावची

तुम्ही दोघंही रंग आणि लोखंडात अडकला आहात. ऑक्टोबर १८५७ मध्ये मुंबईत, आज जिथे आझाद मैदान आहे तिथे, सय्यद हुसेन आणि मंगल गडिया यांना तोफेच्या तोंडी दिलं. त्या बंडानंतर इंग्रजांनी मैदानी तोफखाना हिंदी माणसाच्या हाती येऊच दिला नाही, डोंगराळ भागातल्या हलक्या तोफांच्या पहाडी बॅटऱ्या (तुकड्या) तेवढ्या राहिल्या. पहिली हिंदी फील्ड रेजिमेंट उभी राहायला १९३५ साल उजाडलं, तीही बंगळूरला. मेळाव्यात टाळ्या वाजवणाऱ्यांना हे कोण सांगतं? ब्रिटिश तोफा जमवायला माझी हरकत नाही. इतिहास गाळून त्यांचा तमाशा करायला आहे.

तोफची_नाशिकरोड

ताई, १८५७ चं खरं आहे, आणि ते तोफेशेजारी लिहिलं पाहिजे. पण २५ पाउंडर आली १९४० मध्ये. इजिप्तमधल्या एल अलामीनला १९४२ च्या ऑक्टोबरात सुमारे ९०० तोफा एकदम धडाडल्या, त्या लढाईत चौथी इंडियन डिव्हिजनही होती. पुढे १९६५ आणि १९७१ ला हीच तोफ आपल्याकडून लढली. ती नुसती साहेबाची नाही, आमचीही आहे.

बर्मिंगहॅमवासी

इथला कायदा विसरू नका. चालू तोफ ठेवायची तर परवाना लागतो. नको असेल तर ती निकामी करून लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचं (बंदुका-तोफा तपासणाऱ्या संस्थेचं) प्रमाणपत्र घ्यायचं. म्हणजे नळीला खाच, ब्रीचला, म्हणजे गोळा भरायच्या मागच्या तोंडाला, वेल्डिंग. रंगाच्या थरासाठी जीव टाकणाऱ्यांनी या नुकसानीबद्दलही बोलावं.

आणि संग्रहालयांचा भरवसा किती धरायचा? वूलिचचं तोफखाना संग्रहालय २०१६ मध्ये बंद झालं. खाजगी माणूस पदरमोड करून तोफ सांभाळत असेल, तर रंग कुठला द्यायचा हे त्याला ठरवू द्या.

पोर्ट्समथकर

वेल्डिंगबद्दल पूर्ण सहमत. त्यापेक्षा परवान्याची कटकट परवडली.

पण पैसे घातले म्हणून खुणा पुसायचा हक्क मिळतो, हे मला पटत नाही. मालक बदलतील, तोफ राहील. काका, तोफ हलली पाहिजे हेही मान्य. लंडनची किंग्ज ट्रूप ही सलामीची लष्करी तुकडी पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या १३ पाउंडर तोफांनी आजही सलामी देते. त्या सेवेत आहेत, त्यांना रंग लागणारच. पण फौज थरावर थर देत गेली. आजचा हौशी माणूस खालचे सगळे थर काढून टाकतो. ब्रीच आणि रिकॉइल (धक्का झेलणारी यंत्रणा) चालू करायला ढाल खरवडायची गरज काय?

तोफची_नाशिकरोड

फौजही खरवडायची. तोफ बेस वर्कशॉपात ओव्हरहॉलला गेली की पत्रा उघडा व्हायचा. तुमच्या ढालीवर तळाचा खाकी शाबूत आहे, म्हणजे ती ढाल तरी तशा कामातून गेलेली दिसत नाही. मग रंगाचं राहू द्या, आधी रिक्यूपरेटर तपासा, म्हणजे धक्क्याने मागे गेलेली नळी हवेच्या दाबाने पुन्हा जागेवर आणणारा भाग. आतली सील वाळलेली असणार. एक लक्षात ठेवा, हवेचा दाब पूर्ण सोडल्याशिवाय तिथला एकही नट फिरवायचा नाही.