भिशीतल्या मित्र-जोडप्यांना पहिल्यांदा क्रूझवर न्यायचे आहे, विषय कसा काढावा?

तिळकवाडीकर

नमस्कार. आम्ही बेळगावची चार जोडपी अनेक वर्षे एकत्र भिशी चालवतो आणि आंबोली, दांडेली, तारकर्ली अशा सहलीही एकत्रच करतो. त्यांपैकी आम्ही दोघे मुंबईहून सुटणाऱ्या क्रूझने जाऊन आलो आहोत आणि तो प्रवास आम्हांला मनापासून आवडला. सामान एकदा केबिनमध्ये लावले की पुन्हा बांधाबांध नाही, गाडी कोणी चालवायची हा प्रश्न नाही, आणि एरवी सहलीतही सकाळच्या चहापासून रात्रीच्या जेवणापर्यंतची काळजी ज्यांच्या डोक्यात असते त्या घरच्या बायकांना तेथे खरोखरीची सुट्टी मिळते. हा आनंद उरलेल्या तीन जोडप्यांनाही मिळावा अशी आमची फार इच्छा आहे. येत्या हिवाळ्यात जाण्याचा विचार आहे.

विषय काढायला मात्र मन धजत नाही, कारण तिन्ही घरांच्या अडचणी वेगळ्या आहेत. एक जोडपे मूळचे चिकोडीकडचे जैन असून दोघेही सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. दुसऱ्या घरातील वहिनींना आंबोलीच्या घाटातही गाडी लागते आणि त्यांना पाण्याची भीती आहे. तिसऱ्या मित्राच्या मुलीचे इंजिनिअरिंगचे शिक्षण सुरू आहे. तो खर्चाविषयी उघड बोलणारा नाही, आणि आपल्यामुळे सगळ्यांचा बेत मोडू नये म्हणून ऐपतीबाहेर जाऊन होकार देईल अशी मला भीती वाटते.

कोणालाही भिडेपोटी यावे लागू नये, अशा रीतीने हा प्रस्ताव कसा मांडावा? पहिली सफर एक-दोन रात्रींची असावी की लक्षद्वीपपर्यंतची मोठी असावी? आणि जहाजावर चारही जोडप्यांनी दिवसभर एकत्रच राहावे का? ज्यांनी मित्रांना असे नेले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

निपाणीकर

आपण तिसऱ्या मित्राचा विचार आधीच केला आहे, हे फार चांगले आहे. मैत्रीतल्या सहली बिनसतात त्या बहुतेक वेळा पैशाच्या न बोललेल्या गोष्टींमुळे. म्हणून पहिल्या बैठकीत जाहिरातीतला आकडा सांगू नका, घरातून निघून घरी परत येईपर्यंतचा एकूण खर्च सांगा. जाहिरातीतील भाडे साधारणपणे एका केबिनमध्ये दोघे राहणार असे धरून माणशी दिलेले असते. त्यावर बंदर शुल्क, जीएसटी आणि बऱ्याच कंपन्यांत कर्मचाऱ्यांसाठीची सेवा-रक्कम चढते. मुख्य भोजनगृहातील जेवण, नाश्ता आणि बहुतेक करमणुकीचे कार्यक्रम भाड्यात धरलेले असतात. मद्य, खास रेस्टॉरंट, स्पा, कॅसिनो, इंटरनेट आणि बंदरावरील सहली यांचे पैसे वेगळे पडतात. बेळगावहून मुंबईला जाण्याचा खर्च आणि तेथील एका रात्रीचा मुक्काम हेही त्यातच धरा, कारण रेल्वेला उशीर झाला म्हणून जहाज थांबत नाही आणि आदल्या दिवशी पोहोचणे हाच शहाणपणा आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, चौघांनीही एकाच दर्जाची केबिन घेतली पाहिजे असा आग्रह मुळीच धरू नये. खिडकी नसलेली आतली केबिन आणि बाल्कनीची केबिन यांच्या भाड्यात मोठे अंतर असते, पण भोजनगृह, डेक, पोहण्याचा तलाव आणि नाट्यगृह सगळ्यांना सारखेच मिळते. आपण दोघांनी स्वतः आतली केबिन घेतली आणि ते सहजपणे आधी सांगून टाकले, तर मित्राला कमी भाड्याची केबिन निवडताना संकोच वाटणार नाही. आमच्या गटात हाच उपाय लागू पडला होता.

जहाजावर रोख व्यवहार होत नाहीत. प्रत्येक केबिनच्या कार्डावर त्या त्या जोडप्याचा खर्च नोंदला जातो आणि शेवटी ज्याचे त्याने फेडायचे असते. आपल्याकडे हॉटेलात बिल आले की ‘मी देतो, मी देतो’ म्हणून जी ओढाताण होते ती तेथे आपोआप टळते, आणि बेताने खर्च करू इच्छिणाऱ्याला कोणाला काही सांगावे लागत नाही. मद्याचे पॅकेज घेण्याचा विचार असेल, तर एका केबिनमधील सर्व प्रौढांनी ते घ्यावे अशी अट आहे का हे आधी विचारा. काही कंपन्यांत ती असते आणि न पिणाऱ्या पत्नीचेही पैसे भरावे लागतात.

मी स्वतः जैन असल्यामुळे चिकोडीकडच्या जोडप्याविषयीही लिहितो. भारतातून सुटणाऱ्या जहाजावर जैन जेवण मिळते, तेव्हा अडचण पदार्थांची नसून वेळेची आहे. हिवाळ्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि रात्रीच्या जेवणाची पहिली पंगत त्यानंतर सुरू होण्याचा संभव असतो. बुकिंग करतानाच सूर्यास्तापूर्वी जैन जेवण हवे असे लेखी कळवा, आणि जहाजावर चढल्याबरोबर भोजनगृहाच्या व्यवस्थापकाला भेटून तेच पुन्हा सांगा. बाकीच्या तिन्ही जोडप्यांनी एखाद्या संध्याकाळी त्यांच्याबरोबर लवकर जेवून घेतले, तर त्या दोघांना परके वाटणार नाही. घरचे शिजवलेले अन्न जहाजावर नेऊ देत नाहीत. सुका, बंद पाकिटातला खाऊ चालतो का हे मात्र विचारून घ्यावे.

अनगोळची सून

माझे म्हणणे आमंत्रण कोणाला द्यायचे याविषयी आहे. आपल्याकडे असे बेत बहुतेक वेळा पुरुषांच्या गप्पांत ठरतात आणि घरी निर्णय म्हणून पोहोचतात. ज्या वहिनींना पाण्याची भीती आहे त्यांना मग दोनच वाटा उरतात: सगळ्यांसमोर आपली भीती सांगायची किंवा गप्प राहून तिकीट निघू द्यायचे. म्हणून आपल्या पत्नीने त्या वहिनींशी आधी एकट्याने बोलावे, आणि बोलताना सफरीचे गुणगान न करता त्यांना नेमके कशाचे भय वाटते ते ऐकून घ्यावे. मळमळण्याचे भय, बुडण्याचे भय आणि सासूबाईंना घरी एकटे ठेवून जाण्याची रुखरुख या तीन निराळ्या गोष्टी आहेत, आणि पुष्कळदा तिसरी गोष्ट पहिल्या दोन्हींच्या आड लपलेली असते. त्यांनी नाही म्हटले तर ते ‘नाही’ त्या दोघींतच राहील आणि त्या वर्षी भिशीची सहल पुन्हा तारकर्लीला निघेल, एवढा विश्वास त्यांना आधी मिळायला हवा.

दिवसभर एकत्र राहण्याविषयी माझे मत स्पष्ट आहे: राहू नये. जीपमधून फिरताना एकत्र राहण्यावाचून पर्याय नसतो, परंतु जहाजावर तो असतो, आणि जोडप्यांनी एकत्र जाण्याची खरी मौज मला त्यातच दिसते. कोणाला पहाटे डेकवर चालायचे असते, कोणाला दहापर्यंत झोपायचे असते. एखाद्या नवराबायकोला कित्येक वर्षांत निवांत शेजारी बसायला मिळालेले नसते. दुपारचा चहा आणि रात्रीचे जेवण एकत्र, बाकीचा वेळ ज्याचा त्याचा, हे निघण्यापूर्वीच सर्वांना सांगून ठेवावे. समुद्रात मोबाइलला रेंज मिळत नाही, आणि जहाजावरच्या नेटवर्कला चुकून जोडले गेल्यास भरमसाट बिल येते. त्यासाठी फोन फ्लाइट मोडमध्येच ठेवावा आणि भेटण्याची जागा व वेळ तोंडी ठरवावी.

आणखी एक विनंती आहे. आपण दोघे आधी जाऊन आला आहात, म्हणून तेथे वाटाड्या होऊ नका. पहिल्यांदा जाणाऱ्याला जहाज आपले आपण हिंडून शोधण्यात जो आनंद मिळतो, तो आपण आधीच सगळे दाखवून टाकल्याने निघून जातो. त्यांनी विचारले तर अवश्य सांगा, आणि एखादी गोष्ट आपल्याला आवडली पण त्यांना आवडली नाही तर ते मनाला लावून घेऊ नका.

शहापूरचे आजोबा

बेळगावकरांना समुद्रप्रवास नवा नाही. घाटाखाली उतरून वेंगुर्ल्याला आगबोट पकडायची आणि मुंबईला जायचे, हा आमच्या वडीलधाऱ्यांच्या पिढीचा नेहमीचा मार्ग होता, आणि वेंगुर्ले हे बेळगावच्या व्यापाराचेच बंदर होते. पुढे किनाऱ्यावर ‘कोकण सेवक’ आणि ‘कोकण शक्ती’ या बोटी धावत असत. माणसे डेकवर वळकटी पसरून, डबा उघडून, अनोळखी कुटुंबांशी गप्पा मारत रात्र काढीत. वहिनींच्या घरी कोणी वृद्ध असतील तर त्यांना या बोटींविषयी विचारा. त्यांच्या तोंडून ऐकलेली आठवण कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा अधिक धीर देईल.

अर्थात त्या पिढीच्या मनात ‘रामदास’ बोटही आहे. १७ जुलै १९४७ रोजी, ऐन पावसाळ्यात, मुंबईहून रेवसला निघालेली ती बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. ही भीती निराधार आहे असे कोणालाही सांगू नये. त्या दिवसाचा समुद्र आणि हिवाळ्यातला समुद्र यांत काय फरक असतो, आणि आज जहाजावर सुरक्षेची कोणती व्यवस्था असते, ते मात्र शांतपणे समजावून सांगावे.

खानापूरकर (जहाजावरील नोकरीतून निवृत्त)

आजोबांनी विषय काढला आहे, तर सुरक्षेपासूनच सुरुवात करतो. प्रवासी जहाजांना ‘सोलास’ हा आंतरराष्ट्रीय करार लागू असतो. त्याची पहिली आवृत्ती ‘टायटॅनिक’ बुडाल्यानंतर १९१४ साली तयार झाली. जहाजावरील प्रत्येक माणसासाठी बचावनौकेत किंवा तराफ्यात जागा असणे त्यानुसार बंधनकारक आहे. जानेवारी २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आदळून ३२ जणांचा मृत्यू झाला, तेव्हा काही प्रवाशांची सुरक्षा-कवायत झालेलीच नव्हती. त्यानंतर नियम कडक झाला आणि आता ही कवायत जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घ्यावी लागते. वहिनींनी ती मन लावून पाहावी आणि आपले जमण्याचे ठिकाण केबिनपासून एकदा स्वतः चालत जाऊन पाहून यावे. काय करायचे हे कळले की बऱ्याच जणांची भीती ओसरते, असे मी नोकरीत पुष्कळदा पाहिले आहे.

आता मळमळीविषयी. मोठ्या जहाजाला पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंखासारखी स्थिरके असतात आणि त्यांमुळे डावी-उजवीकडे होणारे डोलणे बरेच कमी होते. तरीही नाळेकडील (पुढच्या टोकाकडील) आणि वरच्या मजल्यांवरील केबिनमध्ये हालचाल अधिक जाणवते. त्या जोडप्यासाठी जहाजाच्या मध्यभागी, खालच्या डेकवरची केबिन मागून घ्या. ती सहसा स्वस्तही असते. गोळी डॉक्टरांना विचारून आणि त्रास सुरू होण्यापूर्वी घ्यायची असते, कारण उलट्या सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. पोट अगदी रिकामे ठेवू नये. अस्वस्थ वाटू लागल्यास केबिनमध्ये पडून न राहता मोकळ्या हवेत येऊन क्षितिजाकडे पाहावे. महिन्यांपैकी डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ अरबी समुद्रात बराच शांत असतो, तेव्हा आपली निवड योग्य आहे.

लक्षद्वीपची सफर पहिल्यांदाच करू नये, असे माझे ठाम मत आहे. तेथे मोठे जहाज धक्क्याला लागत नाही. ते समुद्रात नांगर टाकते आणि प्रवाशांना लहान बोटीत उतरून बेटावर जावे लागते. हलत्या बोटीत पाऊल टाकणे घाबरणाऱ्या माणसाला आणि गुडघे दुखणाऱ्याला जड जाते, आणि समुद्र खवळलेला असला तर बेटावर उतरणे रद्दही होते. बेटांसाठी प्रवेश परवानाही लागतो. मुंबई-गोव्याची एक-दोन रात्रींची फेरी घ्या. वहिनींना त्रास झालाच तरी दुसऱ्या दिवशी जमीन येते, ही जाणीव फार मोठा आधार देते.

तिळकवाडीकर

सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. अनगोळच्या ताईंनी लिहिल्याप्रमाणे माझी पत्नी काल त्या वहिनींकडे जाऊन आली. त्यांना खरी चिंता सासूबाईंच्या रात्रीच्या औषधांची होती, समुद्राचा प्रश्न त्यानंतरचा होता. त्यांची नणंद दोन रात्री येऊन राहायला तयार आहे. त्यांनी अजून होकार दिलेला नाही आणि आम्ही तो मागितलेलाही नाही. भिशीच्या पुढच्या बैठकीत एकूण खर्चाचा कागद सर्वांसमोर ठेवून आम्ही आतली केबिन घेणार असल्याचे सांगणार आहोत.

एकच शंका राहिली आहे. मुंबईला न जाता गोव्यातूनच जहाजावर चढणे आम्हांला सोयीचे पडेल का?

खानापूरकर (जहाजावरील नोकरीतून निवृत्त)

ज्या फेरीत गोव्यातून चढण्याची मुभा असेल त्या फेरीत नक्कीच सोयीचे पडेल, पण ती प्रत्येक फेरीत नसते. जहाज मुरगाव बंदरात लागते. ते वास्कोला अगदी लागून आहे आणि पणजीपासून साधारण तीस किलोमीटर दूर आहे, म्हणून पणजीत मुक्काम करू नका. बेळगावहून लोंढा, कॅसलरॉक, दूधसागर या मार्गाने वास्कोपर्यंत रेल्वेने जाता येते, आणि चोर्ला घाटातून गाडीने साधारण चार तास लागतात. ज्या वहिनींना घाटात गाडी लागते त्यांनी रेल्वेनेच यावे, म्हणजे जहाजावर चढताना त्यांचे पोट ठीक असेल. परतीची फेरी मुंबईत संपत असेल, तर तेथून बेळगावला येणाऱ्या गाडीचे आरक्षण जहाजाच्या तिकिटाबरोबरच करून ठेवा, कारण डिसेंबरअखेरीस त्या मार्गावर आठ जणांना एकत्र जागा मिळणे कठीण असते.